तीन अठराची हाक

"शांताकाकी खोटं बोलत नाहीत, एवढं मला सिद्ध करून द्या," संघमित्रा म्हणाली. "पण माझा भाऊ विकासही खोटं बोलत नाही हो."

दादरच्या त्या लहानशा ऑफिसात जयवंत राण्यांनी वही उघडली. ते निवृत्त हवालदार. लिहून घेतल्याशिवाय त्यांच्या डोक्यात काही शिरत नसे. सुचित्रा परुळेकर मात्र नुसती ऐकत होती. खासगी तपासाच्या धंद्यात येण्याआधी तिनं बारा वर्षं यंत्रांच्या पोटातले प्रोग्राम लिहिले होते.

संघमित्राचे वडील दत्ताराम डिलाईल रोडच्या चाळीत राहत. पक्षाघातानं त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं होतं. त्यांच्या उशाशी एक बटण होतं आणि शेजारच्या शांताबाईंच्या स्वयंपाकघरात घंटेची पेटी. गेल्या मंगळवारी दुपारी त्यांना जीवघेणी धाप लागली. पेटीच्या नोंदीत बटण दाबल्याची वेळ होती ३:१८. शांताबाई पोचल्या चार वाजता.

"बाबा वाचले. पण विकास काकींना म्हणाला, तुम्ही झोपला होतात. तेव्हापासून त्या आमच्याकडे येत नाहीत, आणि बाबा जेवत नाहीत."

तासाभरात सुचित्रा आणि जयवंतराव चाळीत होते.

"घंटा वाजलीच नाय," शांताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. "मी हयच भाजी निवडीत होतंय. चार वाजता लाईट गेली, पंखो थांबलो, आणि तेवढ्यात घंटा वाजली. तशीच धावलंय."

"लाईट गेल्यावर वाजली?" जयवंतरावांनी भुवया उंचावल्या. "बाई, हे जरा उलटंच वाटतं."

शेजारच्या खोलीत विकास वडिलांच्या पायांना तेल लावत होता. "मी स्वतः पन्नास वेळा बटण दाबून बघितलं, मॅडम. पन्नास वेळा घंटा वाजली. मी निष्काळजी नाही. रोज दुपारच्या चहाला ऑफिसातून ॲपवर पेटीची बॅटरी बघतो. मंगळवारीही बघितली."

"चहा किती वाजता?"

"सव्वातीन, तीन-वीस."

सुचित्रा दत्तारामांजवळ बसली. "काका, बटण किती वेळा दाबलंत?"

त्यांनी एक बोट वर केलं.

"पुन्हा का नाही दाबलं?"

त्यांनी बटणावरच्या बारक्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. हाक पेटीपर्यंत पोचली की तो लागे. मग त्यांनी भिंतीपलीकडे, शांताबाईंच्या खोलीकडे बोट केलं आणि डोळे मिटले. पोचली म्हणजे ती येणारच, म्हणून ते थांबून राहिले होते.

जयवंतरावांनी वही मिटली आणि उगाचच चष्मा पुसला.

पेटी बनवणारी रुचा लोअर परळच्या एका गाळ्यात भेटली. तरुण, दमलेली, पण काही लपवणारी वाटत नव्हती.

"मी दहा हजार वेळा चाचणी घेतलीय," ती म्हणाली.

"कोणत्या पेटीवर?"

"ऑफिसातल्या जुन्या. नव्या पेटीत फक्त चिप बदललीय, एका कोअरऐवजी दोन, म्हणजे एकाऐवजी दोन मेंदू. दत्तारामांची जुनी पेटी महिन्यापूर्वीच बदलून दिली."

सुचित्रानं प्रोग्राम मागितला. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "या नावाआधी दोन अंडरस्कोर, या खालच्या रेघा, कशाला?"

"तेच काम करणारी हलकी आवृत्ती आहे ती. जरा वेग वाढतो."

"नवी पेटी आण. मी बॅटरी विचारत राहते, तू बटण दाबत राहा."

यंत्रं जोडून दोघींनी तो खेळ चालू ठेवला. सहा हजारांच्या पुढे कधीतरी हिरवा दिवा लागला आणि घंटा गप्प राहिली. रुचानं तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे दत्तारामांच्या खोलीत जमले. शांताबाई दारातच उभ्या राहिल्या.

"शांताबाई झोपल्या नव्हत्या," सुचित्रा म्हणाली. "घंटा वाजवणारा प्रोग्राम झोपला होता. काम नसलं की तो झोपतो. त्याआधी तो दोन गोष्टी करतो. 'मी झोपतोय' अशी नोंद करतो आणि मग हाक आलीय का ते बघतो. बटणाचं काम याच्या उलट. ते आधी हाक नोंदवतं, मग हा झोपलाय का बघतं. झोपला असेल तर उठवतं. जागा असेल तर सोडून देतं, कारण तो स्वतःच बघेल."

"मग चुकलं कुठं?" जयवंतरावांनी विचारलं.

"चिपला दोन कोअर आहेत. एकावर घंटेचा प्रोग्राम चालतो, दुसऱ्यावर बटणाचं काम. प्रत्येक जण आपली नोंद आधी स्वतःजवळ ठेवतो. दुसऱ्याला ती क्षणभर उशिरा दिसते. त्या क्षणात प्रोग्रामला हाक दिसली नाही आणि बटणाला त्याची झोप दिसली नाही. तो झोपला, आणि उठवणारं कुणीच उरलं नाही. म्हणून नोंद सगळ्यांना दिसेपर्यंत पुढे बघायचंच नाही, असा अडसर मध्ये घालावा लागतो. त्याला मेमरी बॅरिअर म्हणतात. त्या हलक्या ओळीत तो नव्हता. एकाच कोअरच्या जुन्या पेटीत त्याची गरजच पडली नव्हती."

"पण माझ्या पन्नास वेळा?" विकासनं विचारलं.

"तेव्हा तो गाढ झोपलेला होता, त्यामुळे प्रत्येक वेळी उठला. चूक फक्त झोपायला जातानाच घडते. मंगळवारी तीन अठराला त्याला कुणीतरी जागं केलं होतं. बॅटरी विचारून. तो परत झोपायला लागला आणि नेमकं तेव्हा काकांनी बटण दाबलं."

विकास पुटपुटला, "म्हणजे मी..."

"तुम्ही वडिलांची काळजी घेत होतात. तो दोष नाही. चार वाजता लाईट गेली, पेटी बॅटरीवर आली. त्या धक्क्यानं प्रोग्राम उठला आणि त्याला पडून राहिलेली हाक दिसली. म्हणून घंटा वाजली. शांताबाईंनी सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं."

"चूक माझी आहे," रुचा म्हणाली. "ओळ बदललीय. अशा पेट्या असलेल्या सगळ्या घरांना सकाळपासून फोन करतेय." ती दत्तारामांपुढे वाकली. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

विकास उठून दारापाशी गेला. "काकी..." त्यानं हात जोडले.

"काय सांगू रे बाबा," शांताबाई म्हणाल्या. "तू बोललंस तेचा काय नाय. पण माकाच वाटाक लागला, खराच माझो डोळो लागलो आसतलो. म्हणान त्या दिसापासून मी दुपारची आडवीच होवक नाय."

दत्तारामांनी खाटेशेजारच्या आरामखुर्चीकडे हात केला. शांताबाई जराशा टेकल्या. संघमित्रानं चहा ठेवायला घेतला, पण तो उकळायच्या आत त्यांची मान कलली होती.

विकासनं पंखा वाढवला. दत्तारामांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना बाहेर जायची खूण केली, आणि ते जागत राहिले.