चिमणीचं कडं

चिमणी सापडत नव्हती.

चिमणी म्हणजे भोपळ्याचा सगळ्यात जवळचा चंद्र. भोपळा हा दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा वायुग्रह (पाय ठेवायला जमीन नसलेला, वायूंचा प्रचंड गोळा). त्याच्या पट्ट्यांवरून तोरणमाळच्या शाळेतल्या मुलांनीच त्याचं बारसं केलं होतं. तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होई आणि आलेखात मोठा खड्डा पडे. त्याच्या शेजारची इवलीशी खाच म्हणजे चिमणी.

आज खाचच नव्हती. तिच्या जागी खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, उथळ उतार पसरला होता.

"आत्या, दुर्बीण बिघडली का गं?" शाल्मलीनं विचारलं.

तिची सुलेखाआत्या पठारावरच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ होती. पृथ्वीच्या चंद्रावरच्या दुर्बिणीनं टिपलेल्या उजेडाचे आलेख तिच्याकडे येत. आत्यानं नकारार्थी मान हलवली. डब्यातला राजगिऱ्याचा लाडू काढून तिनं शाल्मलीच्या हातावर ठेवला.

"हा गुळानं धरलेला असतो. चंद्राला धरून ठेवतं त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण. पण भोपळ्याकडची बाजू भोपळा जोरात ओढतो आणि पलीकडची जरा कमी. मग चंद्राचं काय होईल?"

"ताणला जाईल."

"यालाच भरतीबल म्हणतात (दोन बाजूंना कमीजास्त ओढ बसल्यानं येणारा ताण). चंद्र जितका जवळ, तितका ताण मोठा. एका मर्यादेच्या आत तो गेला, की त्याची स्वतःची पकड अपुरी पडते. बघ, हा लाडू दोन्हीकडून ओढ."

लाडूचा भुगा झाला. शाल्मली त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे चिमणी फुटली? आणि तो उतार?"

"तिचे तुकडे. भोपळ्याभोवती पसरून त्यांचं कडं झालंय."

शाल्मलीचे डोळे भरून आले. गेल्या महिन्यात शाळेला एक रेडिओ संदेश पाठवायला मिळाला होता. दिनेश पावरा म्हणत होता, भोपळ्याच्या कासव नावाच्या लांबच्या चंद्राला पाठवू. शाल्मलीनं त्याला बोलूच दिलं नव्हतं. "भोपळा सतत ओढून मळतो म्हणून चिमणी आतून ऊबदार असेल, तिथं पाणी असेल. माझी आत्या शास्त्रज्ञ आहे, तुला काय कळतं?" असं सगळ्यांसमोर म्हणाली होती ती, आणि संदेश चिमणीलाच गेला होता.

"ऊब देणाऱ्या ओढीनंच तोडलं तिला," ती पुटपुटली. "आता संदेश परत बोलवता येईल?"

"नाही, बाळा. तो प्रकाशाच्या वेगानं निघालाय. त्याला गाठणार कोण?"

"मग आपण एक महिना थांबायला हवं होतं."

आत्या तिच्याजवळ बसली. "थांबून चिमणी वाचली नसती, शालू. तिथला उजेड इथं यायला नव्वद वर्षं लागतात. तुम्ही संदेश लिहिलात, तेव्हा चिमणी जाऊन कैक वर्षं झाली होती. आपल्याला दिसत होता तो तिचा जुना उजेड."

शाल्मलीनं हातातला भुगा डब्यात ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आमचा नमस्कार कुणालाच मिळणार नाही."

"तसं नाही. इतक्या लांब जाईपर्यंत संदेशाचा झोत खूप रुंदावतो. भोपळा, कडं, कासव, सगळेच त्यात भिजतील. आणि कड्याची बाहेरची कड मर्यादेपलीकडे सरकली, तर तिथले तुकडे पुन्हा एकत्र येऊन नवे छोटे चंद्र होऊ शकतात. फार फार काळानं."

"पण संदेशात नाव चिमणीचंच आहे."

"हो," आत्या म्हणाली.

शाल्मली उठली. पठार उतरून ती थेट दिनेशच्या घरी गेली. तो अंगणात शेळीला पाला घालत होता. तिनं चिमणीचं काय झालं ते सांगितलं, भरतीबल समजावलं, आणि मग घुटमळत म्हणाली, "मी तुला बोलू द्यायला हवं होतं."

दिनेशनं एक डहाळी शेळीपुढे धरली. त्यालाही चिमणी आवडायची.

"कासवाला काय सांगणार होतास तू?" तिनं विचारलं.

त्यानं उरलेला पाला खाली ठेवला आणि तो सांगू लागला. या वेळी तिनं शेवटपर्यंत ऐकलं.