सातव्या खोलीची ओळ

मंगळावरच्या घुमटवस्तीत बारा खोल्यांत भाज्या पिकत. सातव्या खोलीतला वाल बारा वर्षांच्या मंजिरीकडे होता. पृथ्वीवरून आणलेलं ते शेवटचं बियाणं, आणि पाण्यावाचून सगळ्यात आधी सुकणारं. तो वाल आठवड्यात वाळून गेला आणि संगणक मात्र रोज सकाळी ‘ओलावा ठीक’ म्हणत राहिला. हे कसं?

संगणकाने सांगितल्याशिवाय नळ उघडायचा नाही, असा वस्तीचा नियम. पानं माना टाकताहेत हे मंजिरीने दोनदा सांगितलं होतं. पण तिचे आजोबा, वस्तीचे शास्त्रज्ञ डॉ. नवाथे, यंत्रापुढे पोरीचं कशाला ऐकतील? उलट भरसभेत, हिने नळीत कचरा अडकू दिला, असं सांगून त्यांनी तिला बागेतून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तिने ओलावा तपासणारी, आजोबांनी लिहिलेली स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी) उघडली. बाराही खोल्यांची माहिती एका लांबलचक ओळीत येई. त्यात ‘खोली (अंक) ओलावा (अंक)’ हा नमुना (शोधायच्या मजकुराचा साचा) शोधला जाई. जुळलं की निकाल मिळे, मिसळणाच्या डब्यासारखा कप्प्याकप्प्यांचा. शून्य क्रमांकाच्या कप्प्यात जुळलेला अख्खा मजकूर, पहिल्यात पहिल्या कंसातला खोलीचा अंक, दुसऱ्यात ओलाव्याचा.

मंजिरीने आठही दिवसांचे पहिले कप्पे तपासले. सगळीकडे खोली एक. पहिली जुळणी मिळताच शोध थांबत होता. एका खोलीची नाडी बघून बाराही ठणठणीत ठरत होत्या. तिला रडू आलं नाही, संताप आला.

तिने आजोबांना पडद्यासमोर बसवलं. त्यांनी आठही दिवसांचे कप्पे पाहिले.

“चाचणीच्या वेळी एकच खोली होती गं,” ते म्हणाले. “पुढे बदलायचं राहून गेलं. चुकलो मी.”

“मला सगळ्यांसमोर काढलंत, आजोबा. हेही सगळ्यांसमोर सांगा.”

त्यांनी सांगितलं. लोक ऐकून पांगले. तिला आळशी ठरवल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मंजिरीने स्क्रिप्ट बदलली. आता पहिल्यावर न थांबता ती सगळ्या जुळण्या गोळा करी आणि एकेकीचे कप्पे उघडी. पहिल्याच यादीत नवव्या खोलीचा ओलावा अवघा अकरा निघाला. वेळेवर पाणी सुटलं, टोमॅटो वाचले. इथून पुढे कुठलीच खोली नजरेतून सुटणार नव्हती.

‘खोली ७ ओलावा ०’ ही ओळ आता काढून टाकू का, असं आजोबांनी हळूच विचारलं.

“राहू द्या,” मंजिरी म्हणाली. “रोज सकाळी दिसू दे तुम्हाला.”