मोठ्या पानाची चिमणाटी

आम्हाला एक पिकलेली शेंग हवी होती. फक्त एक!

दोन वर्षांपूर्वी कापडे गावाच्या वरच्या रानात, आंबेनळी घाटाच्या अंगाला, मला गुलाबी फुलांचं एक झुडूप सापडलं होतं. शेंगांच्या कुळातलं, निळीचं नातेवाईक. फुलं हुबेहूब चिमणाटीची, इथल्या रानात सगळीकडे दिसणाऱ्या झुडपाची. पण चिमणाटीची पानं नखाएवढी आणि लवदार असतात. याची दुप्पट मोठी आणि जवळजवळ गुळगुळीत होती. कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं. नवी जात म्हणून मी लेख लिहिला, नावही ठरवलं. संपादकांचं उत्तर आलं: शेंगेचं वर्णन फेब्रुवारीअखेर पाठवा, नाहीतर लेख परत.

शेंगच मिळत नव्हती. पावसाआधी भाताचे वाफे भाजायला राब, म्हणजे वाळक्या फांद्या-पाला, लागतो आणि त्यासाठी लोक ही झुडपं फुलोऱ्यातच छाटून नेत. महिना संपायला तीन दिवस उरले होते. रात्री झोप लागत नव्हती.

"कड्याच्या पोटात एक हाय," वरच्या वाडीतल्या रंगूबाई म्हणाल्या. "तिथं कुनाचा कोयता पोचत नाय."

सकाळी सातला आम्ही तिघं निघालो. पुढे साठीच्या रंगूबाई, मागे मी आणि शेवटी सुहास, महाडच्या शाळेत भूगोल शिकवणारा माझा मित्र. तो फोटो काढायला आला होता आणि पहिल्याच चढावर धापा टाकत होता.

"मास्तर, तुमच्या नकाशात ही वाट हाय का?"

"नकाशात तुमची वाडीच नाही, रंगूबाई."

"मग आपून हाय कुठं?"

कारवीचं वाळलेलं रान संपलं आणि मुरमाची घसरण लागली. पाय टाकला की अर्धा पाय मागे. उजवीकडे दरी, तिच्या तळाशी कोरडा पडलेला ओढा पांढऱ्या दोरीसारखा दिसत होता. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. घाई करू नये हे कळत होतं, तरी पाय ऐकत नव्हते. एकदा घसरलेच! रंगूबाईंनी दंड धरला.

"झाड पळून चाललंय का गो, बाय?"

अकरा वाजता कड्याखालच्या उघड्या कातळावर पोचलो. तिथून कड्याच्या अंगात एक आडवी फळी, खडकाची पट्टी, निघत होती, जेमतेम दोन वीत रुंद. सुहास कातळावरच बसला. मी आणि रंगूबाई खडकाला छाती टेकून सरकत गेलो. वीस पावलं. पंचवीस. कोपरा वळला आणि समोर ते झुडूप! पुरुषभर उंच, टोकाला फुलं, खाली काड्यांसारख्या सरळ, तपकिरी शेंगा.

मी पान हातात घेतलं. नखाएवढं.

भिंग काढलं. पानावर दोन टोकांचे, मधोमध चिकटलेले दाट केस. साधी चिमणाटी.

"हे ते नाही!" माझा आवाज चिरकला. "मला मोठ्या पानाचं हवंय!"

"त्येच हाय. छाटली की चिमणाटीला मोठं पान फुटतं. आमची कुनीबी बाय सांगंल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कधी? मोठ्या पानाची कुठं हाय, येवढंच इचारायचीस. मी दाखवायची."

मला ते पटेना. पटवून घ्यायचंच नव्हतं. झुडपाला वळसा घालून मी पलीकडे गेले. वरून दगड पडून तिथली एक फांदी मोडली होती. मोडलेल्या जागेतून नवे धुमारे फुटले होते आणि त्यांवर तीच, माझी, मोठी गुळगुळीत पानं होती. बोटाने फांदी खालपर्यंत चाचपली. एकच खोड. एकच मूळ.

तेवढ्यात सुहासने मला हाक मारली. "प्रियदर्शिनी! वणवा!"

खालच्या गवतात आग शिरली होती. वाऱ्यासरशी ती चढत होती, तडतडत, वेगाने. धूर फळीपर्यंत आला.

"चल!" रंगूबाई ओरडल्या.

ती फांदी तिथेच राहिली असती, तर माझी नवी जात वाचली असती. शेंगा तोडायच्या, निघायचं. फांदी जळाली असती. कोणी विचारलं नसतं!

मी कात्री काढली. फांदी कापली, मोठी पानं आणि लहान पानं दोन्ही येतील अशी, खोडाच्या जोडासकट. शेंगांचा एक घोस तोडला आणि सगळं ओढणीत बांधलं.

परत सरकताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कातळ गाठला तर खालची वाट पेटलेली! सुहास वर धावायला लागला.

"मास्तर, वर नको! आग मानसापरास जोरात चढते!"

रंगूबाईंनी कमरेची काडेपेटी काढली आणि कातळाच्या वरच्या बाजूचं गवत पेटवलं. मला वाटलं, या वेड्या झाल्या! पण वाऱ्याने ती आग वर पळवली आणि मागे काळी जमीन उरली. "आता आत! पालथे पडा!"

पडलो. खालची आग कातळापर्यंत आली, पुढे गवत न मिळून फुरफुरली आणि दोन्ही बाजूंनी निघून गेली. सुहासच्या बुटांचे तळ वितळले होते. माझ्या कोपरांवर फोड आले. तिघंही जिवंत होतो!

दुपारी रंगूबाईंच्या ओटीवर मी फांदी वर्तमानपत्रावर पसरली आणि चिठ्ठीवर चिमणाटीचं जुनंच शास्त्रीय नाव लिहिलं. फोनवर संपादकांसाठी मजकूर लिहिला: लेख मागे घेत आहे.

"आणि तुझी जात?" सुहासने विचारलं.

"नव्हतीच. रंगूबाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"कशाला? पोलीस येनार काय?"

"पानांचं तुम्ही सांगितलंत, असं लिहायचंय."

"रंगूबाई भागोजी सकपाळ. नीट लिव."

लिहिलं. पाठवलं. मग वहीचं नवं पान काढलं.

"छाटल्यावर आणखी कुठल्या झाडाची पानं बदलतात?"

रंगूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिला हात संपला, तरी त्या थांबल्या नव्हत्या.