बाहेरची लेन्स

सुवर्णाच्या वर्षश्राद्धाला तिची धाकटी बहीण ललिता इंदूरहून कराडला आली. तिनं पाय धुतले, फोटोसमोर हात जोडले आणि ती तशीच उभी राहिली. हातातला हार घालायला पुढे होईना. मागे पंगतीची पानं मांडली जात होती. ती रडत असेल असं वाटून निवास ताटे, सुवर्णाचा नवरा, तिच्याजवळ येऊन थांबला.

"दाजी," ललिता म्हणाली, "हा फोटो कुणाचा लावलाय?"

"कुणाचा म्हणजे?"

"ही हनुवटीवरची खोक बघा." तिनं स्वतःची हनुवटी वर केली. "लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर आपटले होते, टाके पडले होते. ही खोक माझी आहे. आक्काला कुठं होती?"

निवासनं फोटोकडे पाहिलं, मग मेहुणीकडे. साडी सुवर्णाचीच होती, हिरवी सुती. गच्ची घरचीच. डावा हात कमरेवर ठेवून उभं राहायची ढबही तिचीच. उजवा हात गळ्याशी, मंगळसूत्रावर. चेहरा मात्र ललिताचा होता. गेल्या वर्षी तेराव्याला हाच फोटो लहान आकारात लावला होता आणि ललिता तेव्हा आजारपणामुळे येऊ शकली नव्हती. या वर्षी निवासनं तो मुद्दाम मोठा करून घेतला होता.

"आणि आक्काचा डाग कुठाय?"

"लांबून काढलाय ना. लांबून दिसला नसेल, असं वाटलं मला."

"डाग दिसला नाही आणि माझी खोक दिसली?"

मागून निवासचा चुलतभाऊ म्हणाला, "काही म्हणा, फोटो झकास आलाय वहिनींचा. काय तेज आहे तोंडावर!" सकाळपासून हे सगळेच म्हणत होते. सुवर्णा जिवंत असताना यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं पाणी घेताना भांडं आधी निरखून पाहिलं होतं. आता डाग नसलेली सुवर्णा त्यांना एकदम पसंत पडली होती. पहिल्यांदाच पसंत पडली होती, आणि ती सुवर्णा नव्हतीच.

माणसं जेवून गेल्यावर दोघांनी सगळे फोटो काढून पाहिले. घाटावरचे, मळ्यातले, बाजारातले. प्रत्येक फोटोत कुठे खोक, कुठे ललिताची भुवई, कुठे तिचं हसू. निवास दोन वर्षं हेच फोटो बघत होता. सुवर्णा गेल्यावर तर रोज बघत होता. त्याला एकदाही शंका आली नव्हती.

सुवर्णाला तिशीत ओठाच्या कडेला कोड आलं. पांढरा डाग हळूहळू वर नाकापर्यंत गेला. त्याची लागण होत नाही, हे डॉक्टरांनी सगळ्या घराला सांगून झालं होतं. तरी हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. तेव्हापासून कुणी कॅमेरा उचलला की सुवर्णा पदराचं टोक तोंडावर धरायची. लग्नाबिग्नाच्या फोटोंत ती एक तर दुसऱ्याच्या खांद्याआड असायची, नाही तर पदराआड. तिचा उघड्या चेहऱ्याचा एकच फोटो ओळखपत्रावर होता. तो डाग यायच्या आधीचा होता आणि झिजून पुसट झाला होता.

निवासचा टायर रिमोल्डिंगचा कारखाना होता. तो विकल्यावर त्यानं ललिताच्या मुलीच्या लग्नासाठी चांगला कॅमेरा घेतला. त्या लग्नात त्यानं नवरीपेक्षा नवरीच्या आईचेच फोटो जास्त काढले, कारण ललिता सगळीकडे पुढे पुढे होती. लग्न आटोपल्यावर त्याच्या मनात आलं की आता सुवर्णाचे काढावेत. जवळून ती काढू द्यायची नाही, तर लांबून काढावेत. त्यासाठी दूरचं जवळ आणणारी झूम लेन्स लागत होती. कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स कॅमेऱ्याहून महाग होती. कोल्हापुरातल्या कटारे नावाच्या दुकानदारानं त्याला बाहेरची, म्हणजे दुसऱ्याच कंपनीची, स्वस्त लेन्स दाखवली होती.

"फिट्ट बसतीय बघा," कटारे म्हणाला होता. "कंपनीच्या बापाला फरक कळायचा नाही. वॉरंटी आहे, कागद आहे, आणि काय पाहिजे तुम्हाला?"

मग निवास समोरच्या गोदामाच्या पायऱ्यांवर बसून गच्चीवरच्या बायकोचे फोटो काढत असे. तिला पत्ता नाही, अशी त्याची समजूत होती. ती मात्र वरून ओरडायची, "कसला नेम धरलाय तिथनं? वर या आणि शेंगा फोडायला बसा!"

सगळे कॅमेरे तोपर्यंत नुसतं दिसेल ते टिपायचं विसरले होते. भिंगातून जे पुरतं दिसलं नाही, ते कॅमेरा स्वतःच्या अंदाजानं भरून काढायचा. याला भरणी म्हणत. झाडाची पानं, कौलांच्या कडा, गर्दीतले चेहरे, सगळं भरलेलं असे. कुणाची तक्रार नव्हती. लोकांना स्वच्छ फोटो हवे होते, आणि स्वच्छ म्हणजे खरे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. निवासनंही तेच धरलं होतं.

ललिता परत गेली नाही. दोघं आधी कोल्हापूरला गेले. कटारेनं लेन्स उलटसुलट करून पाहिली.

"लेन्सला काय झालंय? ठणठणीत आहे की."

"चेहरा दुसरीचाच आला."

"अहो, पण आला ना? स्वच्छ आला ना?" कटारेला खरंच कळत नव्हतं. "गिऱ्हाईक चेहरा आला नाही म्हणून येतं. तुम्ही आला म्हणून आलाय."

"तुमचा फोटो असा काढला आणि वर ह्या गल्ल्यावरच्या पोराचं तोंड बसवलं, तर लावाल का भिंतीवर?" ललितानं विचारलं.

"पोरगं माझ्यापेक्षा बरं दिसतंय, ताई. लावीन की."

लेन्सच्या कंपनीत बोलायला माणूसच नव्हता. फोनवर यंत्र होतं आणि त्याचा आवाज फार मायाळू होता. लेन्स कॅमेऱ्यावर बसते का? बसते. फोकस होतो का? होतो. मग लेन्स आपल्या कॅमेऱ्यासाठी योग्य आहे, असं सांगून यंत्रानं आभार मानले. निवास हट्टाला पेटल्यावर यंत्रानं बदली नवी लेन्स देऊ केली.

"नव्या लेन्सनं कुणाचा फोटो काढू?" निवासनं विचारलं.

"आपल्या आवडत्या व्यक्तींचा," यंत्र म्हणालं.

निवासनं आयुष्यात पहिल्यांदा यंत्राला आईवरून शिवी दिली. यंत्रानं तिचेही आभार मानले.

पुण्याला कॅमेऱ्याच्या कंपनीचं सेवा केंद्र होतं. तिथे मृणाल गोगटे नावाची तरुण अधिकारी होती. तिनं फोटो पडद्यावर उघडले, मान वर केली आणि ललिताकडे बघून हसली. "या तुम्हीच ना, मॅडम? छान आलेत."

"ही माझी मेलेली बहीण आहे," ललिता म्हणाली.

मृणालचं हसू गेलं. तिनं कॅमेरा यंत्राला जोडला आणि बराच वेळ काही वाचत राहिली. "सर, ही लेन्स स्वतःची ओळख खोटी सांगते. आमची सगळ्यात भारी लेन्स आहे, असं कॅमेऱ्याला सांगते. आमची असती तर एवढ्या लांबचा चेहरा खरंच दिसला असता. म्हणून कॅमेऱ्यानं धरलं की चेहरा टिपला गेलाय, फक्त जरा धूसर आहे. मग त्याच बांध्याचा, ओळखीचा चेहरा शोधून भरणी केली. तुमच्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त चेहरे…"

"हिचे आहेत."

"हो, सर."

"मला विचारलं का नाही त्यानं?"

"दर फोटोला विचारलं असतं तर ग्राहक वैतागले असते."

"आणि तुमची लेन्स घेतली असती, तर सुवर्णाचाच चेहरा आला असता?"

"आला असता." मृणाल म्हणाली. "त्यांना कोड होतं म्हणालात ना? तेवढं आलं नसतं. त्वचेवरचा दोष दुरुस्त होतो. ते सगळ्याच मॉडेलमध्ये आहे."

"म्हणजे त्यांनी दुसरीच बाई दिली," निवास म्हणाला, "आणि तुम्ही धुऊन दिली असती. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक फक्त किमतीचा! मी जुन्या टायरवर नवा पट्टा चढवून विकत होतो. पण खाली जुना टायर आहे, हे सांगून विकत होतो."

भरणीच्या आधी भिंगातून जसं आलं तसं, कच्चं चित्र, कॅमेरा आत राखून ठेवतो, हे मृणालनं त्यांना सांगितलं. तपासणीसाठी ते केंद्रात उघडता येतं. ग्राहकाला देता येतं ते फक्त हमी चालू असेल तर. बाहेरची लेन्स लावली त्या दिवशीच हमी रद्द झाली होती.

"देऊ नका. दाखवा तरी," ललिता म्हणाली.

भिंतीवरच्या फोटोचं कच्चं चित्र पडद्यावर आलं. गच्ची ओळखू येत होती. सुवर्णा म्हणजे एक उभा हिरवा ठिपका होता. मृणालनं तो मोठा केला. वर केसांचा काळा पुंजका, खाली थोडं गव्हाळ, आणि नाकाच्या खाली पुन्हा हिरवं. ते हिरवं थेट खांद्यापर्यंत उतरलं होतं. उजवा हात गळ्याशी नव्हता. तोंडाशी होता.

"पदर," ललिता हळूच म्हणाली.

सुवर्णाला सगळं ठाऊक होतं. गोदामाच्या पायऱ्यांवर नवरा कॅमेरा उचलतोय हे दिसलं की ती तिथूनसुद्धा पदर तोंडावर घेत होती. आणि कॅमेऱ्यानं प्रत्येक वेळी तो पदर बाजूला केला होता, हात खाली आणला होता आणि तिथे दुसरीचं हसू बसवलं होतं. तीस वर्षं जे करायची तिनं कुणाला मुभा दिली नाही, ते एका खोक्यानं न विचारता केलं होतं. आणि भावकी म्हणत होती, काय तेज आहे!

मृणाल एकेक चित्र उघडत गेली. घाटावर पदर. मळ्यात अर्धवट वळलेली, तरी पदर. बाजारात पदर. शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यानंतरच्या दिवसांतलं एक चित्र आलं आणि निवासनं "थांबा" म्हटलं. सुवर्णा गच्चीच्या कठड्याशी उभी होती. दोन्ही हात कठड्यावर होते. चेहऱ्याच्या जागी हिरवं नव्हतं. चार-पाच करडे, तपकिरी ठिपके होते आणि त्यांच्या एका बाजूला एक ठिपका इतरांपेक्षा पांढरा होता.

"आक्का," ललिता म्हणाली आणि तिनं तोंडाला रुमाल लावला.

निवासनं खिशातून फोन काढून पडद्यावर धरला. मृणालनं नियम सांगायला तोंड उघडलं, पण सांगितला नाही. फोटो निघाला. फोनवर कठडा होता, गच्ची होती आणि कठड्यावर हात ठेवून एक नितळ कातडीची, कुणाचीही कोणी नसलेली बाई हसत होती. फोननंही भरणी केली होती. निवासनं पुन्हा काढला. या वेळी वेगळी बाई आली.

"सगळेच चोर आहेत," तो म्हणाला.

"सर, आमच्याकडे पुनर्भरणीची सोय आहे," मृणाल आता खालच्या आवाजात बोलत होती. "पडद्यावर चेहरे येतात. जवळचं माणूस हो-नाही म्हणत जातं. सगळे फोटो नव्यानं भरून मिळतात. हमी नसली तरी चालतं."

"आणि डाग?"

"तो… यंत्र ठेवून घेत नाही. आपण घातला तरी पुढच्या टप्प्याला पुसतं."

तरी ते दोघं बसले. चेहरे येऊ लागले. निवास एका चेहऱ्यावर घाईनं "हीच" म्हणाला. ललितानं मान हलवली. "दाजी, ही मी आहे." थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "ही." ललिता त्याच्याकडे बघत राहिली. "हीपण मीच." तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून सुवर्णाला आठवून पाहिलं. ती आली, गच्चीवरून ओरडली, शेंगा फोडायला बोलावलं. आवाज तिचा होता. हनुवटीवर खोक होती.

त्यानं डोळे उघडले. "बंद करा हे."

"सर, पुन्हा प्रयत्न…"

"बंद करा म्हणतो ना! ह्या खोक्यात काय भरलंय, ते तुम्ही काढाल. माझ्या डोक्यात काय भरलंय, ते कोण काढणार?"

परतीच्या बसमध्ये, साताऱ्याच्या पुढे ललितानं विचारलं, "त्या एका फोटोत आक्कानं पदर का घेतला नव्हता, दाजी? विसरली असेल का?"

"ती विसरणारी नव्हती."

"मग कुणासाठी उभी होती ती तशी?"

निवासनं खिडकीबाहेर बघितलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. पण त्या वेळी आपण तिच्याकडे बघत होतो की कॅमेऱ्याच्या पडद्याकडे, हे त्याला काही केल्या आठवेना. तिनं तोंड उघडं ठेवून ज्याला बघू दिलं, त्यानं तिला बघितलं होतं का?

कच्चं चित्र उघडतं ते तिथेच, म्हणून कॅमेरा पुण्याच्या केंद्रात आहे. हमी रद्द असल्यानं ते एक कच्चं चित्र अजून निवासला मिळालेलं नाही.