पाच ठिपक्यांचं दगडफूल

१. भुकटी कपड्याला लागते. (पुढे २ पाहा.)

“हलू नका!”

प्रयोगशाळेमागच्या भिंतीला टेकून चहा पिणारा माणूस कप ओठांशी धरून थिजला. “पाल आहे का?”

“त्याहून नाजूक.” त्याच्या बाहीवरची फिकट हिरवी पूड मी ब्रशने कागदात झाडून घेतली. “दगडफूल. बुरशी आणि शेवाळ, दोघांचा एकच संसार. तीन वर्षं याच्या मागे आहे मी. नवी जात आहे… बहुतेक.”

“अरेरे. शर्ट जमा करू?”

“बाही पुरे.”

तो आमच्याकडचा नवा रसायनवाला निघाला.

२. फळ नाही, पान नाही, नुसती पूड. (रसायन पाहा.)

अशी पूड नजरेने ओळखू येत नाही. तिच्यातली द्रव्यं काचेवर चढवायची, ठिपके मोजायचे. ओळखीच्या कुठल्याच जातीचे पाच येत नाहीत; पाच आले तर जात नवी, आणि तिचं नाव मी ठेवणार.

रोज मी त्याच्या टेबलाशी. “झालं?”

“घाई केली की ठिपके रुसतात.”

“ठिपके की तुम्ही?”

“मी… छे!” कान मात्र लाल.

३. ठिपके पाच.

शुक्रवारी त्याने पडदे ओढले, जांभळा दिवा लावला. काचेवर पाच ठिपके उजळले — निळसर, पांढरे, जिवंत. मी टाळी वाजवली.

“नवी!”

“नाही हो.” त्याने सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. “सुईने दोन प्रकारचे कण वेगळे केले. यांचे तीन ठिपके, त्यांचे दोन. दोन जुन्याच जाती… एकमेकींत वाढलेल्या.”

तीन वर्षं! रडू फुटणार होतं. पण डोळा भिंगाला लागला. कणाला कण बिलगलेला, प्रत्येकाभोवती धाग्यांची मिठी. कुणाचा धागा कुठे संपतो, कळेना. मी बघतच राहिले.

मग काचेवरची तारीख दिसली. सोमवारची.

“चार दिवस झुलवलंत मला?”

“मंगळवारी पुन्हा करून खात्री केली.”

“आणि बुधवार, गुरुवार?”

तो काचेशीच बोलला, “नवी नाही म्हटल्यावर… तुम्ही कशाला आला असता?”

नमुन्याच्या पाकिटावरची ‘नवी जात’ ही चिठ्ठी फाडायची नसते. खाली दुसरी चिकटवायची, हा आमचा रिवाज. मी दोन्ही जुनी नावं लिहिली. ‘ओळखणारे’ यापुढे सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं.

“करा सही. आणि यापुढे उत्तर आलं की त्याच दिवशी सांगायचं.”

“आणि मग?”

“मग काय… दुसऱ्या दिवशीही मी येईनच.”