पान्ह्याचं जर्मन

"वो टूट एस वे?" म्हणजे, कुठे दुखतंय? रिकाम्या खोलीला मी हे सहाव्यांदा विचारलं, आणि यंत्रामागून उत्तर आलं, "फोरझिख्ट! हाइस!"

सावधान, गरम आहे! मी दचकून हात मागे घेतला. औजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या दाराला माझं कोपर टेकणारच होतं.

यंत्रामागून तो उठला. हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणारा; खिशात कायम पान्हा, म्हणून सगळे त्याला पान्हाच म्हणत.

"तुम्हाला जर्मन येतं?"

"धमक्या येतात फक्त. हात लावू नका, झाकण उघडू नका... यंत्रांच्या पुस्तकांतून शिकलो."

मी नर्स. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरी हवी होती, त्यासाठी भाषेची परीक्षा होती, आणि ड्यूटीच्या पाळ्यांमुळे क्लास जमत नव्हता. मग माझं मीच चालवलं होतं. निळ्या चिठ्ठीवर 'तो'वाले शब्द, लालवर 'ती', हिरवीवर 'ते'. चुकलेला शब्द उद्या पुन्हा, जमलेला आठवड्याने. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मागोमाग तस्संच बोलायचं. पण समोरून बोलणारं कुणी नव्हतं.

आता होतं! रोज जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं, फक्त जर्मन. तो पेशंट व्हायचा, पण दुखणी यंत्राची सांगायचा – "माझा दाब वाढलाय, झाकण उघडू नका." मी हसून लोटपोट. तिसऱ्या आठवड्यात आमच्या 'झी'चं 'डू' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

एकदा वीस मिनिटं संपल्यावर चिठ्ठ्या चाळताना तो थांबला. "मुलगी हिरव्या चिठ्ठीवर? 'ते' मुलगी?"

"तिकडे तसंच आहे."

"असेल. मला नाही पटत..." माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "तुला कुणी 'ते' कसं म्हणेल?"

कान लाल झाले होते. त्याचे. बहुतेक माझेही.

मी परीक्षा पास झाले. पत्र आलं – सहा महिन्यांनी रुजू व्हायचं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते घेऊन मी धावत त्याच्याकडे गेले.

"अभिनंदन," तो चक्क मराठीत म्हणाला. वीस मिनिटांचा नियम त्यानं पहिल्यांदाच मोडला होता. मग उगाचच एक स्क्रू पिळत बसला.

"सहा महिने आहेत," मी म्हणाले. "तुझं व्याकरण कच्चं आहे, पण होईल. यंत्रं तिकडेही बिघडतात. हे घे, वेळापत्रक केलंय."

"बाबा इथे एकटे..."

"काल त्यांनाच विचारून आले. म्हणाले, त्याची ताई वरच्याच मजल्यावर राहते, मला काय धाड भरलीय? खुशाल ने त्याला, घरातला मिक्सर तरी शाबूत राहील."

त्याचा स्क्रू अर्धाच राहिला.

"थांब... ही शिकवणी आहे की मागणी?"

"मागणी. शिकवणी वर फुकट."

त्यानं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. नीट, एकेक बोट... आणि मग माझा हात हातात घेतला.

"कधी सुरू करायचं?"

"काय, शिकवणी?"

"दोन्ही," तो म्हणाला.