ठसा कुणाचा?

सटीप संदर्भसूची म्हणजे वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाखाली, त्यात काय आहे आणि आपल्याला ते कशाला हवं, हे चार ओळींत लिहायचं. पूर्वी पोरं पुस्तक न उघडताच त्या ओळी ठोकून द्यायची. आता कॉलेजात ठसामापक, म्हणजे कुणी काय खरोखर वाचलंय ते मेंदूतून टिपणारं यंत्र, आला होता आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली होती.

सुहिता बर्डेला कसली आलीय काळजी? मिठागरांच्या इतिहासावरच्या प्रकल्पासाठी तिने सगळं खरोखर वाचलं होतं. रिवाजाप्रमाणे सूचीत सर्वांत वर मार्गदर्शक कालिंदी दिघेमॅडमचा लेख. मिठागरांवरची माणसं मीठ स्वस्त झालं म्हणून नव्हे, तर प्यायचं पाणी तुटलं म्हणून गाव सोडून गेली, हा मॅडमचा गाजलेला विचार. सुहिता यंत्राच्या खुर्चीत बसली, डोक्यावर तारांची टोपी चढली, आणि पडद्यावर नेमका तोच लेख कोरा, म्हणजे न वाचलेला, निघाला.

"अहो सर, दोनदा वाचलाय मी," ती रडकुंडीला आली. "मॅडमना कळलं तर शिफारसपत्र गेलंच म्हणायचं."

"खोटं बोलतेस असं कुठे म्हणतोय मी?" यंत्र बनवणारे डॉ. तुंगारे चष्मा पुसत म्हणाले. "नवा विचार वाचला की मेंदूत त्याचा ठसा उमटतो. तोच विचार पुन्हा दुसरीकडे वाचला तर नवा उमटत नाही, जुनाच गडद होतो. मॅडमचा विचार तू आधी कुठेतरी वाचलायस."

कुठे, तेही यंत्राने दाखवलं. अनंत भोईर नावाच्या कुणा विद्यार्थ्याचा, ग्रंथालयात धूळ खात पडलेला प्रबंध. तोही सूचीत होताच. त्याच्यावरचं साल मॅडमच्या लेखाच्या बरंच आधीचं होतं. खरी टीप लिहावी तर मॅडम नाराज, खोटी लिहावी तर यंत्र पकडणार. शेवटी धीर करून तिने मॅडमनाच गाठलं.

मॅडम चिडल्या असत्या तर परवडलं असतं. "भोईर? नावसुद्धा आठवत नाही गं. चल, मीच बसते त्या खुर्चीत."

"स्वतःला सुचलेल्या विचाराचा ठसा निराळा दिसतो," तुंगारे टोपी बसवता बसवता सांगत होते. "आम्ही त्याला उगमठसा म्हणतो." पडद्यावर मात्र भोईरच्या प्रबंधाच्या वाचनाचाच ठसा आला.

मॅडम पडद्याकडे वळल्या. "शपथेवर सांगते, मला हे उरणच्या एस.टी.त सुचलं. शेजारी एक बाई कळशी घेऊन बसली होती, तिच्याकडे बघताना."

"तुमची आठवण खोटी नाही," तुंगारे म्हणाले. "माणूस पुस्तक विसरतो, विचार राहतो. एक दिवस तो वर येतो आणि आपल्याला वाटतं, आपल्यालाच सुचला."

"मग माझे बाकीचे लेख?"

तुंगारेंनी टोपी उतरवली. मॅडमनी सुहिताला टीप स्वतः सांगितली, 'मूळ विचार भोईर यांचा', आणि खाली सही केली. सुहिताला फार वाईट वाटलं.

"तुझ्या प्रकल्पाचा निष्कर्ष तपासायचा राहिलाय," तुंगारे सहज म्हणाले. "सक्ती नाही, पण बस हवं तर, दोन मिनिटांचं काम आहे."

तो निष्कर्ष सुचला त्या दिवशी ती आनंदाने जेवलीही नव्हती. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तिला चक्क भीती वाटली.

"नको सर," ती म्हणाली. "तो माझाच आहे."

आणि कुणी आग्रह करायच्या आत ती पिशवी उचलून जिना उतरू लागली.